परळचा शिलापट आणि परळच्या दोन खोल्या
(ऐतिहासिक वास्तूंचे जतन आणि शासनाचे साह्य : एक अभ्यास)

वडाळ्याहून परळकडे पायी निघालेल्या माणसास फार चालावे लागत नाही. इतिहासाच्या वर्गातील मुलांना घेऊन प्रस्तुत लेखक हे अंतर अनेकदा चालला आहे. परळ गावातील बारादेवी मंदिरात शिरले की एक भव्य शिलापट समोर उभा राहतो. दहा-बारा फूट उंचीच्या एकाच पाषाणात शिवाच्या सात आकृती एकातून एक उमलल्यासारख्या कोरलेल्या आहेत. अभ्यासक हे शिल्प साधारणतः पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात. इ. स. १९३१ मध्ये परळ आणि शिवडी यांच्या दरम्यान रस्त्याचे काम चालू असता ते जमिनीतून वर आले. पुढे ते मंदिरात नेण्यात आले आणि तेथे त्याची पूजाही होऊ लागली. त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. मूळ पाषाण मात्र परळ सोडून गेला नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत त्याची गणना होते. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर हा शिलापट ‘राष्ट्रीय महत्त्वाचा’ आहे.

ज्या वर्षी हा पाषाण सापडला, त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. त्यांचे बिऱ्हाड तेव्हा परळातच होते. दामोदर हॉलच्या परिसरातील बी. आय. टी. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. प्लेगच्या साथीनंतर इ. स. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा न्यासाने, म्हणजेच बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्टने, श्रमिकांसाठी ज्या चाळी बांधल्या त्यांपैकी ही एक. इ. स. १९१२ च्या सुमारास सुभेदार रामजींचे कुटुंब येथे राहावयास आले आणि इ. स. १९३४ च्या सुमारास बाबासाहेब हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त राहावयास गेले. परदेशातील शिक्षणाची वर्षे वगळली तरी त्यांच्या तारुण्याचा आणि चळवळीच्या घडणीचा बहुतेक काळ या दोन खोल्यांतला आहे. एका खोलीत कुटुंब आणि दुसरीत ग्रंथ, अशी वाटणी होती. ‘मूकनायक’ निघाला, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, महाडचा सत्याग्रह झाला, त्या सर्व वर्षांत घरी परतण्याचा पत्ता हाच होता. माता रमाईंचा संसार येथेच झाला. राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांना भेटावयास याच चाळीत आले होते.

एकदा आठवीतील एका मुलाने दोन्ही ठिकाणे पाहून झाल्यावर विचारले, “गुरुजी, त्या दगडाला सरकारची निळी पाटी आहे, मग या खोल्यांना का नाही?” त्या वेळी लेखकाने काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. या लेखाचा उगम त्या उत्तराविषयी वाटलेल्या संकोचात आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते, त्याच्या चौथ्या भागात, म्हणजे राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत, ४९ वा अनुच्छेद आहे. कलेच्या वा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आणि राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले प्रत्येक स्मारक, स्थान अथवा वस्तू यांचे लुटीपासून, विद्रूपीकरणापासून, नाशापासून आणि परदेशी रवानगीपासून रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे तो सांगतो. येथे एक शब्द अत्यंत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ‘जाहीर झालेले’. कर्तव्य सर्व ऐतिहासिक स्थळांविषयी नाही. ज्यांची घोषणा झाली त्यांच्याविषयी आहे. आरंभी ही घोषणा संसदेने स्वतः कायदा करूनच करावी, अशी शब्दरचना होती, त्यानुसार इ. स. १९५१ मध्ये स्मारकांची यादी जोडलेला कायदा झाला. इ. स. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ती अट सैल केली आणि संसदेच्या कायद्याखाली सरकारला अधिसूचनेद्वारे घोषणा करता येऊ लागली. त्याच पायावर इ. स. १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम उभा आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके केंद्राकडे, इतर प्राचीन स्मारके राज्याकडे, अशी विभागणी सातव्या अनुसूचीत आहे. म्हणून महाराष्ट्राचाही इ. स. १९६० चा स्वतंत्र कायदा आहे.

घोषणेची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. केंद्र सरकार प्रथम आपला इरादा राजपत्रात प्रसिद्ध करते आणि त्या सूचनेची एक प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावली जाते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कोणत्याही संबंधित व्यक्तीस हरकत घेता येते. हरकतींचा विचार झाल्यावरच अंतिम घोषणा होते. मालकी खासगी असली तरी मालकाशी करार करून, अथवा भेट, भाडेपट्टा वा खरेदी या मार्गांनी सरकारला वास्तू सांभाळता येते. परळचा शिलापट आजही पूजेत आहे आणि तरीही संरक्षित आहे, यात म्हणूनच काही विसंगती नाही.

परंतु या कायद्यात ‘प्राचीन स्मारक’ या संज्ञेची एक अट आहे : वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असली पाहिजे. शिलापटाने ती अट तेरा-चौदा शतकांपूर्वीच पूर्ण केली. ‘राजगृह’ हे इ. स. १९३० च्या दशकाच्या आरंभीचे. त्याची शंभरी अद्याप भरावयाची आहे. चैत्यभूमीवरील स्तूप तर भय्यासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने, लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. या मोजपट्टीने तो इ. स. २०७१ पर्यंत ‘प्राचीन’ होत नाही. बी. आय. टी. चाळ मात्र वयाने शंभरी ओलांडून गेली आहे. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाला ‘वय कमी आहे’ हे उत्तर चालत नाही.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. इ. स. २०१० मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले आणि संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामास निषिद्ध, तर त्यापुढील दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित ठरला. लेण्यासाठी, एकाकी किल्ल्यासाठी हा नियम वरदान आहे. पण परळसारख्या वस्तीत शंभर मीटरच्या वर्तुळात किती चाळी येतात, त्यांत किती कुटुंबे राहतात, याचा विचार करा. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या आणि पुनर्विकासात स्वतःचा संडास मिळेल म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाला ‘तुझ्या घराशेजारी इतिहास घडला, म्हणून तुझे घर आहे तसेच राहील’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? ज्या महापुरुषाने आयुष्यभर माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांडला, त्याच्या स्मृतीसाठी त्याच्याच शेजाऱ्यांच्या नातवंडांनी गळक्या छपराखाली राहावे, हे विपरीत ठरेल. या कारणास्तव, केवळ भावनेच्या भरात ‘केंद्रीय संरक्षित स्मारक करा’ असा ठराव करून मोकळे होणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

शिवाय घोषणा झाली म्हणजे रक्षण झाले, हा समजही तपासून पाहावयास हवा. देशात केंद्र सरकारने संरक्षित केलेली स्मारके सुमारे ३,७०० आहेत. इ. स. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्यांपैकी १,६५५ स्थळांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडली नाहीत. पुढे पुरातत्त्व खात्याने शोध घेऊन त्यांतील ४२ शोधून काढली. उरलेल्या पन्नासांपैकी चौदा वाढत्या शहरांनी गिळली, बारा धरणांच्या पाण्याखाली गेली आणि चोवीस कोठे आहेत याचाच पत्ता नाही, असे इ. स. २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे सांगण्यात आले. सात हजार रक्षकांची आवश्यकता असता निधीअभावी २,५७८ रक्षकच नेमता आले आणि तेही २४८ ठिकाणी, ही माहितीही त्याच वेळी पुढे आली. म्हणजे राजपत्रात नाव असूनही बहुसंख्य स्मारकांना रात्री कंदील दाखविणारा माणूस नाही. ज्याची घोषणा झाली त्याची ही गत. ज्याची झालीच नाही त्याचे काय!

आता शासन दुसऱ्या कोणत्या मार्गाने साह्य करते ते पाहू. तो मार्ग म्हणजे स्मारक उभारणे. येथे ‘स्मारक’ या एकाच मराठी शब्दाने फार घोटाळा केला आहे. जुनी वास्तू टिकविणे हेही स्मारक आणि जुन्या वास्तूच्या जागी नवी भव्य इमारत बांधणे हेही स्मारकच. दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथे ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ते मूळ घर पुढे खासगी मालकीत गेले आणि पाडले गेले. आज तेथे संविधानग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. वास्तू देखणी आहे, प्रदर्शनही उद्बोधक आहे. परंतु ज्या खोलीत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेवरून अखेरचा हात फिरला, ती खोली कोणत्याही निधीने परत येणार नाही.

याच्या उलट लंडनचे उदाहरण. १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब इ. स. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र शासनाने इ. स. २०१५ मध्ये ते घर विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचे उद्घाटन झाले. पुढे निवासी घराचे संग्रहालय करण्यास तेथील स्थानिक परिषदेने हरकत घेतली; प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि इ. स. २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने अनुमती दिली. जुने घर, जुना जिना, जुनी वीट, सारे राहिले. सातासमुद्रापलीकडचे, वर्ष-दीड वर्षाच्या वास्तव्याचे घर शासनाने खरेदी करून, परक्या देशाच्या नियमांशी झगडून राखले, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. पण मंत्रालयापासून लोकलच्या काही स्थानकांवर असलेल्या, दोन दशकांच्या बिऱ्हाडाच्या दोन खोल्यांबद्दल मात्र वर्षानुवर्षे मागणी करीत राहावे लागते, ही गोष्ट त्या अभिमानाशेजारी ठेवून पाहिली पाहिजे. दादरला इंदू मिलच्या भूमीवर भव्य स्मारक उभे राहत आहे. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. त्या उंच पुतळ्याच्या पायाशी येणारा यात्रेकरू उद्या विचारील, ‘बाबासाहेब राहत कोठे होते?’ तेव्हा त्याला दाखविण्यासाठी मूळ उंबरठा शिल्लक असला पाहिजे.

राजाश्रयाचा हा प्रश्न आपल्या भूमीला नवीन नाही. नेपाळच्या तराईत निगाली सागर येथे सम्राट अशोकाचा स्तंभलेख आहे. राज्याभिषेकाला चौदा वर्षे झाली असता आपण कोनागमन बुद्धाचा स्तूप वाढवून दुप्पट केला आणि पुढे स्वतः येऊन तेथे वंदना केली, असे त्यात नमूद आहे. स्तूप अशोकाचा नव्हता. तो आधीपासून होता. जुन्या पवित्र वास्तूची राज्याच्या खर्चाने केलेली वाढ आणि निगा यांची इतकी जुनी, दगडात कोरलेली नोंद आपल्या इतिहासात क्वचितच दुसरी असेल. लुंबिनीला त्याने याहून निराळी गोष्ट केली : बुद्धाचे जन्मस्थान म्हणून त्या गावाचा बळी माफ केला आणि सारा घटवून एक-अष्टमांशावर आणला. स्थळाचा सन्मान करताना तेथील रहिवाशांचा भार कमी केला, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. परळच्या चाळकऱ्यांविषयी वर जी चिंता व्यक्त केली, तिचे उत्तर लुंबिनीच्या स्तंभावर आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

अशोकाचा हा वारसा मुंबईपासून दूर नाही. सोपाऱ्याला त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इ. स. १८८२ मध्ये सापडला. विहारयात्रा, म्हणजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या सहली सोडून राजा धम्मयात्रेस निघाला, हा त्या लेखाचा विषय. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला आणि एकात एक ठेवलेले करंडक व भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे बाहेर आले. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

कान्हेरी मात्र अधिक बोलकी आहे. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनाच्या आरंभापासून जवळजवळ हजार वर्षांची नांदती वसाहत! एवढा दीर्घकाळ ती केवळ राजांच्या मर्जीवर टिकली असती काय? राजवंश तर बदलत गेले : सातवाहन, त्रैकूटक, राष्ट्रकूट, शिलाहार. टिकविली ती ‘अक्षयनीवी’ने. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव. मुद्दल तसेच राहावयाचे आणि व्याजातून अथवा उत्पन्नातून खर्च चालावयाचा. कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी, गृहस्थ, स्त्रिया, भिक्खुणी यांची नावे तेथील भिंतींवर आहेत. कोणी मंगलस्थान गावातील शेत लावून दिले आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवरांची सोय केली. नवव्या शतकात गौड देशातून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म ठेविले. शिलाहारांच्या काळातील आणखी एका दानलेखात तर विहाराची डागडुजी, चीवरे आणि ग्रंथ यांसाठी वेगवेगळी तरतूद आहे. डागडुजीसाठी वेगळा पैसा! आजच्या अंदाजपत्रकांत उद्घाटनाला पैसा असतो, कोनशिलेला असतो, रोषणाईला असतो. दहाव्या वर्षी गळू लागणाऱ्या छपराला नसतो. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या दात्याला हे व्यवहारज्ञान होते.

मंगलस्थान म्हणजे बोरिवलीचे मागाठाणे. ज्या गावच्या शेताने कान्हेरीच्या भिक्खूंना वस्त्र दिले, त्या मागाठाण्याची स्वतःची बौद्ध लेणी आज घरांच्या दाटीत गुदमरली आहेत. संरक्षित कान्हेरीला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, पुरातत्त्व खाते आहे, इंडियन ऑइल प्रतिष्ठानाच्या साह्याने उभ्या राहिलेल्या आणि इ. स. २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला खुल्या झालेल्या सोयी आहेत. मागाठाण्याकडे वाट विचारीत जावे लागते.

अक्षयनीवीचे आधुनिक रूपही शासनाने निर्माण केले आहे, हे आपल्या समाजात फारसे ठाऊक नाही. इ. स. १९९६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी हा विश्वस्त निधी आहे. केंद्र सरकारने त्यात मूळ ठेव ठेवली आणि संस्था वा व्यक्ती त्यात विशिष्ट स्मारकासाठी देणगी देऊ शकतात; देणगीवर आयकरात सूटही मिळते. दुसरा मार्ग महानगराचा. मुंबईत इ. स. १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली लागू आहे. तीत वास्तूंना श्रेणी दिली जाते आणि श्रेणीनुसार बदलांवर बंधने येतात. पण शंभर मीटरच्या वर्तुळातील शेजाऱ्यांना बांधकामबंदीचा फास बसत नाही. परळच्या चाळीसाठी हाच मार्ग लेखकास अधिक न्याय्य वाटतो. पुनर्विकास व्हावा, रहिवाशांना हक्काची व ऐसपैस घरे मिळावीत; त्या आराखड्यातच क्रमांक १ ची इमारत, निदान त्या दोन खोल्या, जिना आणि सज्जा मूळ स्वरूपात राखण्याची अट घालावी; तेथील कुटुंबांना सर्वांआधी आणि सर्वांहून चांगले घर द्यावे; आणि देखभालीसाठी न मोडावयाची ठेव राज्याने व समाजाने मिळून ठेवावी. यातील एकही गोष्ट विद्यमान कायद्यांत अशक्य नाही.

अशा प्रस्तावास भाषणे पुरत नाहीत, कागद लागतात. भूमापन क्रमांक, बांधकामाचे वर्ष सिद्ध करणारी सुधारणा न्यासाची कागदपत्रे, वास्तव्याचा समकालीन पुरावा म्हणजे पत्त्यासह पत्रे, पत्रकांवरील मुद्रित पत्ता, महाविद्यालयीन नोंदी. मग मोजमापे, नकाशा, छायाचित्रे. शिलापट सापडला तेव्हा त्याची छायाचित्रे निघाली, लेख लिहिले गेले, प्रतिकृती घेतली गेली. म्हणून तो यादीत गेला. आपल्या स्थळांचा दप्तरखाना आपण कोठे केला आहे? ज्या वडाळ्यात सिद्धार्थ विहार वसतिगृहाने पँथरच्या पिढीला आसरा दिला, त्या वसतिगृहातील खोल्यांत कोण कोण राहिले, याची संपूर्ण यादी आज माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणातच आहे, आणि ते विद्यार्थी आता सत्तरीच्या पुढे आहेत.

त्या आठवीच्या मुलाला उत्तर म्हणून आम्ही एक वही घातली आहे. पहिल्या पानावर शिलापटाची नोंद आहे : उंची, रुंदी, सापडल्याचे वर्ष, पाटीवरील मजकूर. दुसऱ्या भागात चाळ आहे. तळमजल्यापासून जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या, कठड्याचे रेखाटन झाले, बाहेरच्या भिंतीची छायाचित्रे लावली. वरच्या मजल्यावरील रहिवाशांनी मुलांना पाणी दिले आणि घरात परीक्षेला बसलेली मुलगी असल्याने आतले मोजमाप मे महिन्यात घ्या, असे सांगितले. वहीत त्या पानावर आम्ही तारीख घालून जागा कोरी ठेवली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे परळ, नायगाव, वडाळा येथील जुन्या सभांची पत्रके, छायाचित्रे अथवा भाडेपावत्या असतील, त्यांनी मूळ प्रत स्वतःजवळ ठेवून तिची छायाप्रत ग्रंथालयात आणून द्यावी. वहीत अजून बरीच पाने आहेत.